तोक्योतील करभरणीचे दिवस

जपानला जाऊन आलेल्या मंडळींनी फुजी पर्वत, चेरीचा बहर, क्योतोची देवळे आणि वाऱ्याच्या वेगाने धावणाऱ्या आगगाड्या यांची वर्णने इतक्या वेळा लिहिली आहेत, की त्यांत नवी भर घालण्याचे धाडस आम्हांला होत नाही. शिवाय आम्ही उभयता तोक्योत होतो ते दिवस चेरीच्या बहराचे नव्हतेच. २०२५ सालचा फेब्रुवारी सरत आला होता. फुलले होते ते फक्त ‘उमे’ म्हणजे जपानी आलुबुखाराचे झाड, आणि देवदारासारख्या दिसणाऱ्या ‘सुगी’ वृक्षांचे पराग हवेत उडू लागल्याने निम्मे शहर नाकातोंडावर मुखपट्टी बांधून हिंडत होते. त्या देशात हा काळ करभरणीचा. ‘काकुतेई शिन्कोकु’ हा शब्द स्टेशनवरील फलकांपासून बाजारातील दुकानांपर्यंत सर्वत्र दिसतो. त्याचा अर्थ वर्षाच्या उत्पन्नाचे अंतिम निवेदन. आमच्या मुक्कामाचा पुष्कळसा काळ या निवेदनाच्या सहवासात गेला. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहून, घरात एक लिपी आणि कचेरीत दुसरी, अशा दुहेरी व्यवहारात वाढलेल्या वाचकांना ही हकीकत अगदीच परकी वाटणार नाही, असा विश्वास वाटतो म्हणून ती येथे सांगत आहो.

आमची पुतणी तोक्योच्या पूर्व कडेला, एदोगावा विभागातील निशि-कासाई या भागात राहते. आमच्या वडोदऱ्याच्या सयाजीराव विद्यापीठातील ललितकला विभागातून ती चित्रकला शिकली, पुढे शिक्षणासाठी जपानला गेली आणि तेथेच राहिली. पुस्तकांची चित्रे, कापडावरचे नमुने, खोक्यांवरील सजावट अशी कामे ती स्वतंत्रपणे घेते. नोकरी नाही, तिच्या व्यवसायाची मालक, कारकून आणि शिपाई तीच.

निशि-कासाईचे स्टेशन १९७९ साली उघडले. तेथून भुयारी रेल्वेची तोझाई नावाची गाडी निहोन्बाशी, ओतेमाची अशा पेढ्यांच्या आणि मोठ्या कचेऱ्यांच्या भागात थेट जाते. २००० सालच्या सुमारास संगणकांतील वर्षबदलाच्या कामासाठी भारतीय अभियंते तोक्योत आले, तेव्हा या सरळ गाडीमुळे आणि तेथील सार्वजनिक वसाहतींत जामीनदाराशिवाय घर मिळत असल्यामुळे ते या भागात स्थिरावले. आज तेथे भारतीय किराणा मालाची दुकाने आहेत, साडी नेसून भाजी घ्यायला निघालेली बाई दिसली तर कोणी वळून पाहत नाही. पुण्यात शिकलेले योगेंद्र पुराणिक २०१९ साली याच एदोगावा विभागाच्या सभेवर निवडून आले, तेव्हा भारतीय वंशाच्या व्यक्तीने जपानात निवडणूक जिंकण्याची ती पहिलीच वेळ म्हणून वृत्तपत्रांनी त्याची नोंद घेतली होती.

उंच इमारती, त्यांच्या सज्जांत ओळीने वाळत घातलेल्या गाद्या, खाली सायकलींच्या रांगा, आणि मधूनमधून एखादी छोटीशी बाग. या भागात पाहायला येण्यासारखे काही नाही, असे तेथील लोकच सांगतात. आम्हांला मात्र तो आवडला. रोज सकाळी फिरायला जावे, येताना दुकानातून दूध आणावे, आणि पुतणीच्या दहा बाय दहाच्या कामाच्या खोलीत तिच्या पावत्यांचे गठ्ठे पाहावेत, असा आमचा क्रम होता.

या पावत्यांच्या गठ्ठ्यांमागची व्यवस्था थोडी समजावून सांगितली पाहिजे. जपानात नोकरदाराचा कर बहुतेक वेळा मालकच कापून घेतो आणि वर्षअखेर हिशेबही तोच मिटवतो. त्यामुळे बहुसंख्य जपानी माणसांना विवरणपत्र भरण्याचा प्रसंगच येत नाही. स्वतंत्र व्यावसायिकाचे तसे नाही. १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या वर्षाचा हिशेब त्याने पुढच्या वर्षी १६ फेब्रुवारी ते १५ मार्च या महिन्यात स्वतः द्यायचा. २०२५ साली १५ मार्चला शनिवार आल्याने मुदत सोमवार १७ मार्चपर्यंत होती.

आपले उत्पन्न आपणच सांगावे, ही पद्धत जपानात १९४७ साली आली. युद्धानंतरच्या त्या काळात हिशेब ठेवण्याची सवय लहान दुकानदारांना नव्हती आणि सांगितलेल्या आकड्यावर अधिकाऱ्यांचा विश्वास नव्हता. १९४९ साली कार्ल शूप या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखालील मंडळाने करव्यवस्थेचा अभ्यास केला, आणि त्याच्या शिफारशींवरून १९५० पासून ‘आओइरो शिन्कोकु’ म्हणजे निळे विवरणपत्र सुरू झाले. त्यामागची कल्पना साधी आहे. जो नीट वह्या ठेवील, त्याला करात सवलत; जो ठेवणार नाही, त्याने पांढरे विवरणपत्र भरावे आणि सवलतीवाचून राहावे. दुहेरी नोंद पद्धतीची रोजकीर्द, खतावणी, वर्षअखेरचा ताळेबंद, आणि हे सारे संगणकावरून मुदतीच्या आत पाठवले, तर साडेसहा लाख येन उत्पन्नातून वजा होतात. मुदत एका दिवसानेही हुकली, तर साडेसहाचे एक लाख होतात.

आता या सवलतीला आमच्या पुतणीच्या संसारात किती वजन होते, ते पाहा. २०२४ सालची तिची एकूण जमा अडतीस लाख येन. कामाचा खर्च सात लाख वीस हजार. निळ्या विवरणपत्राची वजावट, आरोग्यविमा व निवृत्तिवेतनाचे हप्ते आणि त्या वर्षी सर्वांना मिळणारी ४ लाख ८० हजारांची मूळ वजावट जाऊन करपात्र रक्कम उरली ती पंधरा लाख सतरा हजार. यावर पाच टक्के दराने ७५ हजार ८५० येन कर. जपानी ग्राहकांनी मात्र तिच्या चित्रांचे पैसे देतानाच १०.२१ टक्के कापून सरकारात भरलेले होते, त्यांची बेरीज १ लाख २२ हजार ५२० येन. म्हणजे सरकारच तिचे देणे लागत होते. मुदत हुकली असती, तर हा परतावा चौतीस हजार येनांनी घटला असता आणि जूनमध्ये येणारा पालिकेचा रहिवासी कर पंचावन्न हजारांनी वाढला असता. दोन्ही मिळून आपल्याकडचे सुमारे पन्नास हजार रुपये.

पण पैशांपेक्षाही मोठी काळजी वेगळी होती. तिचा वास्तव्य-परवाना ऑगस्टमध्ये संपत होता. नूतनीकरणाच्या अर्जासोबत कराचे दाखले जोडावे लागतात, आणि ते दाखले या विवरणपत्रावरूनच तयार होतात. नोकरदाराच्या पाठीशी त्याची कंपनी उभी असते. एकट्या चित्रकर्तीच्या पाठीशी तिचे कागदच उभे राहतात.

एवढी हुशार, धडपडी मुलगी. तिला यात अडचण ती कसली, असे कोणीही विचारील. अडचण अक्षरांची होती. ती जपानी भाषा अस्खलित बोलते. दुकानात, फोनवर, ग्राहकांशी तिचे संभाषण ऐकून शेजारचे लोक तिची पाठ थोपटतात. हिरागाना आणि काताकाना या दोन ध्वनिलिप्या तिला येतात. परंतु कान्जी, म्हणजे चीनमधून आलेली अर्थचिन्हे, तिला तीन-चारशेच वाचता येतात. तेथील मूल प्राथमिक शाळा संपवते तेव्हा त्याने १,०२६ चिन्हे शिकलेली असतात, आणि नित्य व्यवहाराची म्हणून सरकारने ठरवलेली चिन्हे आहेत २,१३६. तेव्हा ऐकण्या-बोलण्यात ती पदवीधर आणि वाचनात तिसरी-चौथीतली, असा हा प्रकार. आणि करखात्याचा पडदा जवळजवळ संपूर्णपणे कान्जीत. खात्याने इंग्रजीत मार्गदर्शिका काढली आहे, तीही तिने मन लावून वाचली होती. पण मार्गदर्शिकेतील चौकोन आणि पडद्यावरचा चौकोन यांची गाठ घालायची, तर पुन्हा चिन्हे ओळखणे आलेच. भाषांतर करणारी यंत्रे आता खिशात असतात. तीही तिने वापरून पाहिली. एका ठिकाणी यंत्राने ‘वजावट’ आणि ‘वगळणूक’ असे दोन शब्द एकाच चौकोनासाठी आलटून पालटून दाखवले, तेव्हापासून तिचा त्यावरचा भरवसा उडाला.

आम्हांपैकी एकीने वडोदऱ्याच्या शाळेत तीस वर्षे पहिलीच्या मुलांना बाराखडी शिकवली. तिच्या ध्यानात आले, की पुतणीचे वाचन पहिलीतल्या मुलासारखेच चालते. मूल ‘कमळ’ हा शब्द अक्षरे जुळवून वाचत नाही. चित्र ओळखावे तसा तो शब्द ओळखते. कर कापून घेण्याला जपानीत ‘गेन्सेन’ म्हणतात. त्यातले दुसरे चिन्ह पुतणीला लगेच ओळखता आले, कारण गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी ‘ओन्सेन’ या पाटीवर तिने ते शंभरदा पाहिले होते. झरा! जेथून पैसा उगम पावतो तेथेच कापलेला कर, असा तो शब्द आहे. एकदा हे उमगल्यावर तो चौकोन ती पुन्हा कधी विसरली नाही.

कानावर विसंबण्यातही धोका होता. वजावटीला ‘कोओजो’ म्हणतात आणि कारखान्याला ‘कोओजोओ’. फरक फक्त शेवटच्या ओकाराच्या लांबीचा. आपल्या मराठीत ओकार सदाच दीर्घ. त्याचे ऱ्हस्व रूप आपल्या बाराखडीत नाही आणि म्हणून आपल्या कानालाही त्याची सवय नाही. बेळगाव-धारवाडकडच्या आणि हैदराबादच्या वाचकांना हे लवकर समजेल, कारण कानडीत आणि तेलुगूत ऱ्हस्व आणि दीर्घ ओ अशी दोन वेगळी अक्षरे आहेत. एखादा बेळगावकर मराठी माणूस तोक्योला गेला, तर या बाबतीत तो आम्हां वडोदेकरांच्या पुढे राहील यात शंका नाही.

पुतणीने आपल्या परीने सर्व तयारी केली होती. निळ्या विवरणपत्राची परवानगी तिने व्यवसाय सुरू करतानाच घेतली होती. फेब्रुवारीत करसल्लागारांची विनामूल्य शिबिरे भरतात; एका शिबिरात रांग लावून तिने तीन शंका फेडून घेतल्या. घरभाड्यातील कामाच्या खोलीचा वाटा किती धरायचा, परदेशी ग्राहकांकडून आलेल्या रकमा येनांत कोणत्या दराने नोंदवायच्या, आणि २०२४ सालापुरती माणशी तीस हजार येनांची जी सरसकट करसूट दिली होती ती कोठे दाखवायची, या त्या शंका. दुसरीचे उत्तर आम्हांला विशेष आवडले : बँकेचा खरेदीचा भाव आणि विक्रीचा भाव यांच्या बरोबर मधला दर, ज्या दिवशी व्यवहार झाला त्या दिवसाचा.

आम्हांपैकी दुसऱ्याचे आयुष्य हिशेबखात्यात गेलेले. त्याला जपानीचे एक चिन्हही येत नव्हते. पण पुतणीने चार पानांचा तो निळा जमाखर्च समोर ठेवला, तेव्हा त्याने चष्मा पुसला आणि म्हणाला, “अगं, हा तर आपला नफातोटा. ही विक्री, हे खर्चाचे रकाने, आणि ही उजवी बाजू म्हणजे देणी. नावे मला वाचता येत नाहीत, पण माणसे ओळखीची आहेत.” मग दोन दिवस काका-पुतणी खतावणी लावत बसले. ताळेबंदाच्या दोन बाजूंत तीन हजार दोनशे येनांचा फरक राहत होता. रंगांच्या एका खरेदीची नोंद खर्चात होती, पण पैसे देण्याच्या खात्यात नव्हती. ती सापडली आणि दोन्ही बाजू जुळल्या. आकडा ही सर्व देशांत सारखी चालणारी लिपी आहे, हे विधान आम्ही पुष्कळदा ऐकले होते. ते उपयोगी पडताना त्या दिवशी पाहिले.

शब्दांचे काय, हा प्रश्न उरलाच होता. तो सोडवला समोरच्या घरातील आजींनी. पुतणी त्यांना ‘ओबाआसान’ म्हणते. वय ऐंशीच्या घरात. यजमान होते तोवर त्यांचे भाजीपाल्याचे दुकान होते, आणि दुकानाच्या वह्या चाळीस वर्षे याच लिहीत. निळे विवरणपत्र त्यांनी दरसाल हाताने लिहून दिले होते. संगणकाला मात्र त्या हात लावीत नाहीत. पुतणी त्यांचे जड सामान वर आणून देते, त्यांच्या मोबाइलवर नातवाचे फोटो लावून देते. दोघींचा असा जुना देण्याघेण्याचा व्यवहार आहे.

ओबाआसान एका दुपारी मोहरीच्या पानांचे लोणचे घेऊन आल्या, पडद्याकडे पाहिले आणि पहिल्यांदा एक गोष्ट स्पष्ट केली. जपानात दुसऱ्याचे करपत्रक तयार करून देणे किंवा करविषयक सल्ला देणे हे परवानाधारक करसल्लागाराचेच काम आहे. इतर कोणी ते फुकट केले, तरी कायद्याला चालत नाही. दुकानदार-संघात असताना त्यांनी हे पक्के ऐकून ठेवले होते. “मी फक्त वाचून दाखवीन,” त्या म्हणाल्या, “काय लिहायचे ते तू ठरव.” या एका वाक्यात त्यांनी मदतीची सीमा आखून दिली, आणि आम्हांलाही ती मानवली.

मग रोज दुपारी दोन तास असा क्रम सुरू झाला. ओबाआसान चिन्हावर पेन्सिल टेकवून शब्द मोठ्याने वाचत. पुतणी तो कानाने समजून घेई आणि हिरागानात वहीत लिहून ठेवी. काका आपल्या कागदावरचा आकडा सांगत. काकू चहा करी आणि वहीतील शब्दांसमोर मराठी प्रतिशब्द लिही : केइहि म्हणजे खर्च, उरिआगे म्हणजे विक्री, कान्पु म्हणजे परतावा, नोओफु म्हणजे भरणा. शेवटचे दोन शब्द जवळजवळ ठेवलेले असतात आणि दोहोंतील दुसरे चिन्ह एकच आहे. पैसे घ्यायचे की द्यायचे, हे पहिल्या चिन्हावरच ठरते. ती वही आता सत्तर-ऐंशी शब्दांची झाली आहे.

हे लिहिताना वडोदऱ्यातील एका ग्रंथाची आठवण होते. १९३१ साली बडोदे संस्थानाने ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ या नावाचा राज्यकारभाराच्या शब्दांचा अनेक भाषांतील कोश प्रसिद्ध केला. सयाजीराव महाराजांच्या राज्यात राजघराणे मराठी, प्रजा आणि दप्तर गुजराती, वरिष्ठ पत्रव्यवहारात इंग्रजी. कचेरीतील एकाच गोष्टीला दहा ठिकाणी दहा नावे. ज्या राजाने १९०६ साली सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, त्याला हेही कळले होते, की अक्षर ओळखणे आणि कचेरीचा कागद समजणे या दोन निराळ्या पायऱ्या आहेत. आमच्या घरातल्या आजोबांना बालबोध आणि मोडी उत्तम येत असे, पण जमिनीचा गुजराती उतारा त्यांना शिरोरेषेवाचून उघडाबोडका वाटे. पुतणीच्या वहीला आम्ही घरात थट्टेने ‘कल्पतरू’च म्हणू लागलो.

११ मार्चच्या दुपारी ओबाआसान नेहमीपेक्षा लवकर आल्या. पावणेतीनच्या सुमारास त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, दूरदर्शनसंच लावला आणि २ वाजून ४६ मिनिटांनी मान खाली घालून स्तब्ध बसल्या. २०११ साली त्याच क्षणी ईशान्य जपानात भूकंप झाला आणि मागोमाग समुद्र आत आला. आम्हीही उभे राहिलो. मिनिटभराने त्यांनी संच बंद केला आणि पुढचा चौकोन वाचला. तो होता पुनर्बांधणीसाठीच्या विशेष आयकराचा. भूकंपग्रस्त भाग पुन्हा उभारण्यासाठी २०१३ पासून प्रत्येकाच्या आयकरावर २.१ टक्के जादा घेतले जाऊ लागले. दहा टक्क्यांच्या कपातीत वरचे ०.२१ दिसते ते यामुळेच. पुतणीच्या वाट्याला ९६२ येन आले. ओबाआसान काही बोलल्या नाहीत. आकडा टंकून होईपर्यंत त्यांनी पेन्सिल त्या चौकोनावरून हलवली नाही.

अक्षरांच्या छळाचा एक निराळा प्रकारही पाहायला मिळाला. जपानी संगणकात एकच अंक रुंद आणि अरुंद अशा दोन आकारांत लिहिता येतो. डोळ्यांना फरक जाणवेल न जाणवेल इतकाच. पण पत्त्यातील घराचा क्रमांक अरुंद लिहिला, तर पडदा लाल होतो आणि पुढे जाऊ देत नाही. पुतणीचे नाव तर तीन ठिकाणी तीन रूपांत. परवान्यावर इंग्रजी अक्षरांत, बँकेत काताकानात, आणि बोलावण्याचे घरचे. परतावा स्वतःच्याच नावाच्या खात्यात येतो. त्यामुळे बँकेतले काताकाना अक्षर न्‌ अक्षर जुळवून घ्यावे लागले.

शुक्रवार १४ मार्चला सर्व रकाने भरून झाले. आपल्याकडे त्या दिवशी धुळवड होती. आता उरले होते ते पाठवणे. जपानात ‘ई-टॅक्स’ची व्यवस्था २००४ साली सुरू झाली, आता त्यासाठी ‘माय नंबर’ नावाचे ओळखपत्र मोबाइलच्या पाठीला टेकवायचे आणि गुप्त क्रमांक द्यायचा, की झाले. परदेशी माणसाच्या ओळखपत्राची मुदत त्याच्या वास्तव्य-परवान्याबरोबर संपते आणि परवाना वाढला, तरी ओळखपत्राची मुदत पालिकेत जाऊन निराळी वाढवावी लागते. हे पुतणीने वेळेवर केलेले होते. त्या वेळी पालिकेत लिहून घेतलेला गुप्त क्रमांकांचा कागदही तिने जपून ठेवला होता. त्यावर चार ओळी होत्या. एकीत लांबलचक अक्षरांक, तिघींत चार-चार आकडे, आणि समोर कान्जीत त्यांची नावे.

पडद्याने चार आकडे मागितले. पुतणीने तिसऱ्या ओळीतले टंकले. चूक. बोट घसरले असेल म्हणून तेच पुन्हा टंकले. पुन्हा चूक. तिसऱ्यांदा चुकले, की कुलूप लागते, आणि ते पालिकेच्या कचेरीत उघडून मिळते. शुक्रवारचे साडेपाच वाजून गेले होते. कचेरी आता सोमवारीच उघडणार, आणि सोमवार हा शेवटचा दिवस. पुतणीने मोबाइल खाली ठेवला. तिचे हात थरथरत होते. “काका, सोमवारी एक ग्राहक भेटायला बोलावतोय, पालिकेत रांग असते…” एवढेच ती म्हणाली.

आम्ही समोरच्या घराची घंटा वाजवली. ओबाआसान स्वयंपाक अर्धवट टाकून आल्या. त्यांनी प्रथम पडद्यावरचा शब्द वाचला, मग कागदावरच्या ओळी एकेक वाचल्या. पहिली ‘शोमेई’, दुसरी ‘रियोओशा शोओमेई’. पुतणीला दोन्हींत एकच शब्द ऐकू येत होता, आणि म्हणून दुसरी ओळ ती पहिल्या लांब क्रमांकाचीच जोडीदार समजत होती. ओबाआसाननी डावा तळहात पुढे केला आणि उजव्या तर्जनीने त्यावर चिन्हे काढून दाखवली. ‘शोमेई’ म्हणजे सही. ‘शोओमेई’ म्हणजे दाखला. पडदा मागत होता तो दाखल्याचा क्रमांक, म्हणजे दुसऱ्या ओळीतला. पुतणीने आपल्या तळहातावर ती दोन्ही चिन्हे गिरवली. मग मोबाइल उचलला आणि चार आकडे सावकाश टंकले.

दार उघडले. सहीच्या वेळी लांब क्रमांक दिला, तोही मान्य झाला. सहा वाजून काही मिनिटांनी पावतीचा क्रमांक पडद्यावर आला : परतावा ७५ हजार ७०८ येन.

ओबाआसान बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या. “शिक्का कोठे आहे?” त्यांनी विचारले. त्यांच्या काळी नावाचा लाकडी शिक्का उमटवल्यावाचून कागद पुरा होत नसे. करखात्याच्या बहुतेक कागदांवरची ती सक्ती २०२१ च्या एप्रिलपासून गेली. इतकेच काय, कागदी विवरणपत्राच्या स्थळप्रतीवर कचेरी जो तारखेचा शिक्का मारून देत असे, तोही २०२५ च्या जानेवारीपासून बंद झाला. पुतणीने त्यांना हे समजावले. त्यांनी मान डोलावली, पण समाधान झालेले दिसले नाही. शेवटी त्यांनीच वहीच्या शेवटच्या पानावर तारीख घालायला लावली आणि घरी जाऊन आपल्या दुकानाचा जुना शिक्का आणून त्याखाली उमटवला. त्या शिक्क्याला कायद्याने काही अर्थ नाही. ओबाआसाननी तो दोन्ही हातांनी दाबून मारला.

तीन आठवड्यांच्या आत परतावा खात्यात आला, त्या वेळी आम्ही वडोदऱ्यास परतलो होतो. जूनमध्ये पालिकेची रहिवासी-कराची चिठ्ठी आली, तिच्या आधारे दाखले निघाले, आणि ऑगस्टच्या आत पुतणीचा परवाना तीन वर्षांसाठी वाढला. तिने फोनवरून हे सांगितले, तेव्हा ती पुढच्या वर्षीच्या पावत्या लावीत बसली होती. या वह्या सात वर्षे जपाव्या लागतात. कान्जीच्या वर्गातही तिने नाव घातले आहे. आठवड्याला पंचवीस चिन्हे.

साक्षरता म्हणजे काय, याचा आम्ही परत आल्यावर पुष्कळ विचार केला. त्या टेबलाशी चौघे बसत होतो आणि चौघेही कोठे ना कोठे निरक्षर होतो. ओबाआसानना संगणक येत नव्हता, पुतणीला चिन्हे येत नव्हती, आणि आम्हां दोघांना तर दुकानावरची पाटीही वाचता येत नव्हती. चौघांची अर्धवट अक्षरे एकत्र आली, तेव्हा एक पुरा कागद झाला. आपल्या पूर्वजांनी परमुलखात बस्तान बसवले, तेव्हा त्यांच्याही वाट्याला अशी कोणी वाचून दाखवणारी माणसे आली असतील. त्यांची नावे आपल्या कुळकथांत राहिलेली नाहीत एवढेच.

आमच्या गल्लीच्या टोकाला ओडिशातून कारखान्यात कामाला आलेले एक कुटुंब गेल्या वर्षापासून राहते. नवराबायको दोघेही त्यांच्या भाषेत चांगले शिकलेले. गुजराती बोलतातही बऱ्यापैकी. गेल्या महिन्यात मुलीच्या शाळेचा गुजराती अर्ज हातात घेऊन ती बाई आमच्या फाटकाशी घुटमळत उभी होती. आम्ही तिला आत बोलावले, शेजारी बसवले आणि पहिल्या ओळीवर पेन्सिल टेकवली.